गोव्यातल्या छोट्या वेबसाइटसाठी साइटमॅप: यादी करण्यापासून गूगलचा अहवाल वाचण्यापर्यंत

देवस्थानाची, गावच्या वाचनालयाची किंवा घरगुती होमस्टेची वेबसाइट सुरू होते. कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक फिरते, सगळे अभिनंदन करतात. मग मुंबईहून कोणी कुळावी (हे देवस्थान ज्याचं कुलदैवत आहे असा भाविक) फोन करून विचारतो, "गूगलवर शोधलं, पण यंदाच्या जत्रेची तारीख काही सापडली नाही." वेबसाइट आहे, तिच्यावर तारीखही आहे, पण शोधणाऱ्यापर्यंत ती पोचत नाही.

कारण साधं आहे. गूगलला नवी पानं मुख्यतः लिंकांवरून सापडतात: एका पानावरून दुसऱ्या पानावर, एका साइटवरून दुसऱ्या साइटवर. व्हॉट्सॲप ग्रुपमधली लिंक त्याला दिसत नाही. आपल्या नव्या साइटला बाहेरून कोणी लिंक दिलेली नसते, म्हणून गूगलला तिच्यापर्यंत यायला वाटच नसते. साइटमॅप ही वाट करून देतो. साइटमॅप म्हणजे आपल्या साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची एक फाइल, खास सर्च इंजिनांसाठी ठेवलेली. ही पद्धत गूगलने जून २००५ मध्ये आणली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली. त्यामुळे एकच फाइल सगळ्यांना चालते.

फोंडा, डिचोली, साखळी भागातल्या अशा लहान साइट मी सांभाळतो, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांची गल्लत बहुतेक एकाच ठिकाणी होते. साइटमॅप दिला म्हणजे पान गूगलवर येणारच, असं त्यांना वाटतं. तसं नाही. पान घ्यायचं की नाही आणि कितव्या क्रमांकावर दाखवायचं, हे गूगल स्वतः ठरवतं. साइटमॅपचा मला सगळ्यात मोठा वाटणारा उपयोग वेगळा आहे. तुम्ही दिलेल्या यादीतलं कुठलं पान घेतलं, कुठलं नाही आणि का नाही, हे गूगल तुम्हाला एकेका पानानिशी सांगतं. पण यादीच भोंगळ असेल तर त्या उत्तरालाही अर्थ राहत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये फाइल बनवण्यापेक्षा यादी नेमकी करण्यावर जास्त भर आहे.

साइट पाचेकशे पानांपर्यंतची असेल आणि सगळी पानं एकमेकांना नीट जोडलेली असतील तर साइटमॅप नसला तरी चालतं, असं गूगल स्वतःच सांगतं. मात्र साइट नवी असेल आणि बाहेरून फारशा लिंका नसतील तर साइटमॅप हवा, हेही तेच सांगतं. गोव्यातल्या बहुतेक संस्थांच्या साइट या दुसऱ्या गटात येतात.

हाताशी काय हवं

- डोमेन, म्हणजे साइटचा मुख्य पत्ता, जिथून घेतलं तिथलं लॉगिन. हे आधी तपासा. कित्येकदा डोमेन साइट करून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर घेतलेलं असतं आणि तो मुलगा आता दुबईला असतो.
- होस्टिंगचं, म्हणजे साइटच्या फाइली जिथे ठेवल्यात त्या सेवेचं लॉगिन, बहुधा सीपॅनल.
- साइट वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर बनवलेली असेल तर ॲडमिनचं लॉगिन.
- संस्थेच्या नावाने उघडलेलं गूगल खातं. अध्यक्षांचं किंवा खजिनदारांचं खाजगी खातं वापरू नका. कमिटी बदलली की सगळा कारभार त्यांच्या फोनमध्ये अडकून पडतो.
- पानांची यादी करायला वही किंवा एक्सेलची शीट.

पैसे कुठेही लागत नाहीत. "तुमची साइट गूगलला सबमिट करून देतो" म्हणत फी मागणारे फोन येतात. साइटमॅप देणं पूर्णपणे फुकट आहे आणि ते काम तुम्ही स्वतः करू शकता.

१. आधी पानांची यादी हाताने करा

प्लगिन (वर्डप्रेसला जोडायची पुरवणी) लावण्याआधी तासभर काढून साइटवरचं प्रत्येक पान उघडा आणि त्याचा पत्ता शीटमध्ये उतरवा. प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारा: कोणी गूगलवरून थेट या पानावर आलं तर त्याच्या उपयोगाचं काही मिळेल का?

देवस्थानाच्या साइटवर इतिहास, नित्यपूजेच्या वेळा, जत्रोत्सव, अग्रशाळेतल्या खोल्या, पोचायचं कसं, संपर्क ही पानं यादीत येतात. "धन्यवाद, आपला संदेश मिळाला" हे पान येत नाही. लॉगिनचं पान येत नाही. छपाईसाठी केलेली प्रत येत नाही. साइट बनवताना राहून गेलेलं "सॅम्पल पेज" तर मुळीच नाही. ते काढूनच टाका.

याच वेळी जत्रेच्या पानाचा निर्णय घ्या. आपले उत्सव तिथीवर चालतात, इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, म्हणून दरवर्षी नवं पान करायचा मोह होतो. पाच वर्षांनी जत्रेची पाच पानं साचतात आणि गूगल त्यातलं तीन वर्षांपूर्वीचं दाखवत राहतं, कारण जुन्या पानाला लिंका जास्त मिळालेल्या असतात. जत्रेला एकच कायमचा पत्ता ठेवा आणि मजकूर दरवर्षी बदला. मागच्या वर्षांचे फोटो आणि वृत्तांत हवे असतील तर त्यांचं वेगळं पान करा आणि त्यावरून या कायमच्या पानाला लिंक द्या. एवढ्या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही प्लगिनने पडत नाही, असं माझं मत आहे.

२. मराठी पत्ते लहान करा

हा भाग मराठी साइटवाल्यांनी नीट वाचावा. इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत तो सहसा सापडत नाही.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवायला काहीच हरकत नाही, गूगलला तो कळतो. पण साइटमॅपच्या फाइलमध्ये आणि सर्व्हरवर तो टक्क्याच्या चिन्हांच्या लांबलचक माळेत बदलतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं आणि एकेकाची तिथे नऊ अक्षरं होतात. "फोंडा" या छोट्या शब्दात फ, ओकार, अनुस्वार, ड आणि काना अशी पाच चिन्हं आहेत. पत्त्यात त्यांची पंचेचाळीस अक्षरं होतात.

वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला दोनशे अक्षरांचीच जागा देतं. म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हं. "श्री शांतादुर्गा देवस्थान जत्रोत्सव" असं शीर्षक देऊन पान प्रकाशित केलंत तर पत्ता "श्री-शांतादुर्गा-देवस्था" इथे तुटतो. "न"सुद्धा मावत नाही. मग "श्री शांतादुर्गा देवस्थान अग्रशाळा" हे पान केलंत तर त्याचाही पत्ता तिथेच तुटतो, आणि दोन्ही एकसारखे होऊ नयेत म्हणून वर्डप्रेस दुसऱ्याच्या शेवटी दोनचा आकडा जोडतं. साइटमॅपमध्ये मग अशी दहा पानं शेजारी शेजारी दिसतात आणि कुठलं कशाचं हे तुम्हालाही ओळखता येत नाही.

उपाय सोपा आहे. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पट्टीतला पत्ता स्वतः लिहा: नुसतं "जत्रोत्सव", नुसतं "अग्रशाळा". किंवा इंग्रजी अक्षरांत लिहा, व्हॉट्सॲपवर पाठवायला ते सुटसुटीत पडतं. पान आधीच प्रकाशित झालं असेल आणि आता पत्ता बदलणार असाल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं, म्हणजे ३०१ प्रकारचं, रिडायरेक्ट लावा. साइटमॅपमध्ये मात्र फक्त नवा पत्ता ठेवा.

३. वर्डप्रेस असेल तर साइटमॅप आधीच तयार आहे

ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच साइटमॅप बनवतं. तुमच्या डोमेनपुढे स्लॅश देऊन "डब्ल्यूपी-साइटमॅप डॉट एक्सएमएल" हे नाव इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. एक तक्ता उघडला तर काम झालंय. योस्टसारखं एसईओचं, म्हणजे सर्चमध्ये साइट नीट दिसावी यासाठीचं, प्लगिन असेल तर ते मूळ साइटमॅप बंद करून आपला लावतं, त्याचं नाव "साइटमॅप अंडरस्कोर इंडेक्स डॉट एक्सएमएल". दोन एसईओ प्लगिन एकाच वेळी ठेवू नका. त्यांचे दोन साइटमॅप होतात आणि कुठला चालू आहे हे कळेनासं होतं.

"पान सापडलं नाही" असं आलं तर आधी सेटिंग्ज, मग रीडिंग इथे जा. सर्च इंजिनांना साइटपासून परावृत्त करा अशा अर्थाचा एक चौकोन तिथे असतो. साइट बनत असताना डेव्हलपर त्यावर खूण करतात आणि नंतर काढायची राहते. ती खूण असेपर्यंत वर्डप्रेस साइटमॅप दाखवत नाही आणि प्रत्येक पानावर "इंडेक्स करू नका", म्हणजे तुमच्या नोंदीत घेऊ नका, असा आदेशही घालतं. साइट गूगलवर येत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी पहिल्यांदा हाच चौकोन बघतो.

आता तो तक्ता उघडून तुमच्या शीटशी ताडून बघा. मूळ साइटमॅपमध्ये पानं आणि लेखांबरोबर वर्गवारीची, टॅगची आणि लेखकांची पानंही येतात. लेखकाच्या पानाच्या पत्त्यात बहुधा लॉगिनचं नावच असतं, तेव्हा ते जाहीर होऊ नये असं वाटत असेल तर प्लगिनमधून लेखकांची पानं बंद करा. एकेकच लेख असलेले पंधरा टॅगसुद्धा काढून टाका.

ब्लॉगरवर साइट असेल तर "साइटमॅप डॉट एक्सएमएल" मध्ये फक्त लेख असतात. स्थिर पानांसाठी "साइटमॅप-पेजेस डॉट एक्सएमएल" अशी दुसरी फाइल असते. दोन्ही द्या.

४. साइट हाताने बनवलेली असेल तर

नोटपॅडमध्ये एका ओळीत एक पूर्ण पत्ता, असे सगळे पत्ते लिहा. बाकी काहीही लिहू नका, शीर्षकसुद्धा नाही. जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, फाइलला "साइटमॅप डॉट टीएक्सटी" असं इंग्रजी लहान अक्षरांत नाव द्या आणि सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमधून पब्लिक एचटीएमएल फोल्डरमध्ये टाका. हा साधा मजकूर-साइटमॅप गूगल आणि बिंग दोघांनाही पूर्णपणे मान्य आहे. वीस पानांच्या होमस्टेच्या साइटला याहून जास्त काही लागत नाही.

विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवतं, त्यामुळे कधी कधी "डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी" असं नाव होऊन बसतं. अपलोड केल्यावर ब्राउझरमध्ये पत्ता टाकून फाइल उघडतेय ना हे बघाच.

एक्सएमएल प्रकारच करायचा असेल तर त्यात प्रत्येक पानासाठी "यूआरएल" नावाचा टॅग येतो. त्याच्या आत "एलओसी" टॅगमध्ये पत्ता आणि "लास्टमॉड" टॅगमध्ये शेवटच्या बदलाची तारीख. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. मराठी कीबोर्ड चालू राहिला की आकडे देवनागरीत पडतात आणि फाइल अडते. इथे आकडे इंग्रजीच हवेत. पत्त्यात ॲम्परसँडचं (&) चिन्ह असेल तर ते तसंच लिहून चालत नाही, त्याच्या जागी एक्सएमएलमधलं त्याचं सांकेतिक रूप लिहावं लागतं. एका फाइलमध्ये पन्नास हजार पत्ते किंवा ५० एमबी ही मर्यादा आहे, तिची चिंता आपल्याला करायची नाही.

जुन्या लेखांमध्ये "प्रायॉरिटी" आणि "चेंजफ्रीक" हे टॅग भरायला सांगतात. गूगल या दोन्हींकडे बघत नाही, सोडून द्या. "लास्टमॉड" मात्र बघतं, पण तारखा खऱ्या असल्याचं दिसलं तरच. काही प्लगिन रोज सगळ्या पानांवर आजची तारीख टाकतात. एकदा त्या खोट्या ठरल्या की गूगल तुमच्या तारखांवर विश्वास ठेवणं सोडून देतं. पूजेच्या वेळा बदलल्या, खोलीचं भाडं बदललं, नवा मजकूर आला, तर तारीख बदला. पानाच्या तळाशी कॉपीराइटचं साल बदललं म्हणून बदलू नका. तारीख प्रामाणिकपणे सांभाळणं जमणार नसेल तर ती न लिहिलेली बरी.

५. रोबोट्स फाइलमध्ये एक ओळ

सर्च इंजिनांनी साइटवर कुठे जावं, कुठे नाही, हे सांगणारी एक फाइल असते. डोमेनपुढे स्लॅश देऊन "रोबोट्स डॉट टीएक्सटी" ही ती फाइल उघडा. त्यात "साइटमॅप", मग कोलन, मग साइटमॅपचा एचटीटीपीएसपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता अशी ओळ हवी. अर्धा पत्ता चालत नाही. वर्डप्रेस ही ओळ आपोआप घालतं, पण कोणी होस्टिंगवर स्वतंत्र रोबोट्स फाइल ठेवली असेल तर वर्डप्रेसची बाजूला पडते आणि ओळ हाताने लिहावी लागते. त्याच फाइलमध्ये "डिसअलाउ" पुढे नुसता स्लॅश दिसला तर सगळी साइट बंद आहे असं समजा आणि तो आधी काढा.

६. सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप द्या

सर्च कन्सोल म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते हे साइटमालकाला दाखवणारं गूगलचं फुकट साधन. संस्थेच्या गूगल खात्याने ते उघडा आणि साइट जोडा. दोन पर्याय येतात, त्यातला "डोमेन" निवडा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, सगळे पत्ते त्यात एकत्र येतात. मालकी सिद्ध करण्यासाठी गूगल एक टीएक्सटी रेकॉर्ड देतं, तो डोमेन घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये चिकटवायचा. हा बदल लागू व्हायला कधी मिनिटं लागतात, कधी दिवस. घाई करून रेकॉर्ड पुन्हा पुन्हा बदलू नका, आणि एकदा सिद्ध झाल्यावर काढूनही टाकू नका. काढलात तर मालकी जाते. डोमेनचं लॉगिन मिळतच नसेल तर "यूआरएल प्रीफिक्स" हा दुसरा पर्याय घ्या, त्यात होस्टिंगवर एक फाइल ठेवून काम भागतं.

मग डावीकडे "साइटमॅप्स" मध्ये जाऊन फाइलचा पत्ता भरा आणि सबमिट करा. बस्स. पूर्वी एका खास पत्त्यावर "पिंग" पाठवून गूगलला कळवता यायचं, ती सोय गूगलने २०२३ मध्ये बंद केली. ती शिकवणारे व्हिडिओ अजून फिरत असतात.

"कुडन्ट फेच" असं लाल अक्षरांत आलं तर घाबरू नका. फाइल खाजगी विंडोमध्ये उघडून बघा. उघडत असेल तर दोन-तीन दिवस थांबा, बऱ्याचदा ते आपोआप जातं. तरीही राहिलं तर होस्टिंगवाल्याला विचारा की फायरवॉल गूगलच्या बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) अडवतेय का.

होमस्टेवाल्यांसाठी: हे सगळं चवथ आटोपल्यावर लगेच करा. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून चढतो आणि नवं पान गूगलमध्ये यायला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. नाताळच्या तोंडावर जागं होऊन उपयोग नाही. गूगल मॅप्सवर घराची खूण येण्याचं काम याहून वेगळं आहे, ते बिझनेस प्रोफाइलमधून होतं.

७. अहवाल कसा वाचायचा

साइटमॅपपुढे "सक्सेस" आलं याचा अर्थ एवढाच की गूगलने फाइल वाचली. पानं घेतली असा नाही. खरी माहिती "पेजेस" या अहवालात असते. तिथे वर एक गाळणी आहे, तीत "ऑल सबमिटेड पेजेस" निवडा. आता फक्त तुमच्या यादीतल्या पानांचा हिशोब समोर येतो, आणि तो पहिल्या पायरीच्या शीटशी लावून बघता येतो.

"डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" म्हणजे पत्ता कळलाय, पण गूगल अजून तिथे आलेलं नाही. नव्या साइटला हे होतंच. मुख्य पानावरून त्या पानाला ठळक लिंक द्या आणि वाट बघा. "क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" म्हणजे येऊन वाचलं, पण घेतलं नाही. इथे मजकुराकडे बघावं लागतं. पंचवीस फोटो आणि दोन ओळी असलेलं पान बहुतेक वेळा इथेच अडकतं. फोटोखाली उत्सवाची माहिती लिहा: कुठली पालखी, कुठली तिथी, माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) काय काय बांधलं. गावातल्या जाणत्या माणसाकडून चार परिच्छेद लिहून घ्या.

आणखी एक ठळक कारण जत्रेच्या निमंत्रणाचं. बहुतेक साइटवर ते छापील पत्रिकेचा फोटो म्हणून चढवलेलं असतं. तारखा, कार्यक्रम, काल्याची वेळ सगळं चित्रात आणि पानावर अक्षर नाही. पत्रिका ठेवा, पण खाली तोच मजकूर टाइप करून द्या. तारीख विचारणाऱ्या कुळाव्याला उत्तर मिळण्याची खरी शक्यता तिथून सुरू होते.

"नोइंडेक्स" किंवा "ब्लॉक्ड बाय रोबोट्स" असं आलं तर तुम्ही एका हाताने बोलावताय आणि दुसऱ्या हाताने दार लावताय. त्यातलं एक काहीतरी बदला. "पेज विथ रिडायरेक्ट" आलं तर यादीत जुना पत्ता राहिलाय.

साइट मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत असेल तर दोन्ही पानांचे पत्ते साइटमॅपमध्ये द्या आणि एचरेफलँगने (कुठलं पान कुठल्या भाषेत आहे हे सर्च इंजिनांना सांगणाऱ्या खुणेने) ती एकमेकांना जोडा. गूगल यासाठी दोन अक्षरी भाषासंकेत मागतं. मराठीला तो आहे, कोंकणीला नाही. म्हणून कोंकणी पानांचे पत्ते यादीत नेहमीसारखे द्या आणि ती साइटवरच्या दिसणाऱ्या लिंकांनी जोडा.

एखादं पान तातडीचं असेल, समजा कार्यक्रम पुढे ढकललाय, तर वरच्या "यूआरएल इन्स्पेक्शन" पट्टीत पत्ता टाकून इंडेक्सिंगची विनंती करा. रोजची मर्यादा असते आणि तीच विनंती दहा वेळा करून काम लवकर होत नाही.

८. बिंग, आणि त्यानंतरची देखभाल

बिंग वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलमधून साइट थेट आयात करता येते, साइटमॅपसकट. पाच मिनिटांचं काम आहे. डकडकगोसारखी इंजिनंही बरेचसे निकाल बिंगकडून घेतात, तेव्हा ते टाळू नका. बिंग आणि यांडेक्स यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये आणलेली इंडेक्सनाउ ही सोय वर्डप्रेसवर प्लगिनने लावता येते. नवं पान झालं की ते आपोआप कळवलं जातं. गूगल मात्र ती वापरत नाही.

पुढे महिन्यातून एकदा "पेजेस" अहवाल उघडा. जत्रेच्या आधी दोन महिने जत्रोत्सवाचं पान ताजं करा आणि तारीख साइटमॅपमध्ये बदललीय ना हे बघा. होस्टिंग, थीम किंवा एसईओ प्लगिन बदललंत की त्याच दिवशी साइटमॅप आणि रोबोट्स या दोन्ही फाइल उघडून बघा, कारण साइटमॅपचं नाव बदलतं आणि सर्च कन्सोल जुन्याच पत्त्यावर शोधत बसतं. आणि कमिटीचा कारभार नव्या मंडळींकडे जाताना दप्तराबरोबर संस्थेचं गूगल खातं, डोमेन आणि होस्टिंग अशी तिन्ही लॉगिन लेखी सोपवा. त्यात डोमेनच्या नूतनीकरणाची तारीखही लिहा.